गोजराचे रविवार

गोजराचा घोटा बरा होऊन आठ दिवस झाले होते आणि ही गोष्ट एका गोजराशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. डॉक्टरला नाही, नवऱ्याला नाही, आणि ज्याच्यासाठी लपवली होती त्या कुंदनला, तिच्या लेकाला, तर मुळीच नाही.

घोटा मोडला कसा तेही ऐकण्यासारखं आहे. बाई जासईची. लग्न होऊन आली त्या वर्षापासून खाडीच्या चिखलात उतरणारी. चिंबोरीच्या बिळात हात घालणारी, शेवाळलेल्या बांधावरून डोक्यावर पाटी घेऊन चालणारी. एवढ्या वर्षांत तिचा पाय कधी मुरगळलासुद्धा नाही. आणि पडली कुठे, तर ऐरोलीला, लेकाच्या सातव्या मजल्यावरच्या घरात, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर. नमिताचा, नातीचा, वाढदिवस होता. हातातली केकची बशी गोजराने सोडली नाही, पाय मात्र गेला. हाडाला भेग पडली होती. दीड महिना प्लास्टर झालं, मग पट्टा आला, मग व्यायाम.

त्याआधी कुंदन गावाला वर्षातून दोनदा यायचा. गणपतीला आणि होळीला. आला की एक डोळा घड्याळावर. "पुलावर ट्रॅफिक लागंल, निगतो," म्हणून चहाही उभ्याने प्यायचा. गोजरा महिना महिना वाट पाहायची आणि तो गेल्यावर त्याच्या ताटात उरलेली भाकरी स्वतः खायची. तक्रार केली नाही तिने. गावातल्या सगळ्याच आयांचं असं होतं, मग एकटीने कशाला गळा काढायचा?

पण पाय मोडला आणि रविवार सुरू झाले. दर रविवारी दहाच्या सुमाराला गाडी अंगणात. कुंदन आत यायचा, खाली बसायचा, आईचा पाय मांडीवर घ्यायचा. प्लास्टर निघाल्यावर मिठाच्या कोमट पाण्याने शेकायचा, टाच धरून पाय वर-खाली करायचा. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईने चित्रं काढलेला कागद दिला होता, तो समोर ठेवून तो मोजायचा, "एक, दोन, तीन... दुखतंय?" दुखायचं तेव्हा गोजरा खरंच हो म्हणायची. मग दोघं जेवायची. जेवून तो ओटीवर आडवा व्हायचा आणि त्याला झोप लागायची. चौतिशीतला बाप्या, पण झोपला की तोंड उघडं टाकायचा, लहानपणी टाकायचा तसंच. गोजरा शेजारी बसून माशा वारायची. तिला वाटायचं, हा घोटा आधीच का नाही मोडला?

त्यामुळे एके दिवशी सकाळी उठून तिने पाय टेकला आणि काहीच दुखलं नाही, तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी तिने आधी रविवार किती दिवसांवर आहे ते मोजलं. घरात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिलं. अंगणात उकिडवी बसली, उठली. काही नाही. पुढल्या रविवारी कुंदनने टाच धरून विचारलं, "दुखतंय?" आणि गोजरा म्हणाली, "दुखतंय रं. आतल्या अंगाला ठनकतंय."

तिथून सुरू झालं.

हिरामण, तिचा नवरा, कंटेनर यार्डाच्या गेटवर वॉचमन. सकाळी आठला डबा घेऊन जायचा तो दिवे लागणीला परत. तेवढा वेळ गोजरा मोकळी. पट्टा काढून खुंटीला लावायची आणि कामाला लागायची. नळाचं पाणी भरायची, परसातली वालाची वेल सोडवायची, सुकट पाखडायची, भाताचं पोतं कण्यांच्या पिंपाजवळ ओढायची. सहाच्या आत पट्टा पुन्हा पायाला. हिरामण आला की ती भिंतीला धरून उठायची आणि "आई गं" म्हणायची.

चार दिवस त्याने ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी मोरीवर हातपाय धुताना म्हणाला, "पोता कोनी हलवला?"

"सरस्वतीनी," तिने शेजारच्या जावेवर ढकललं.

"सरस्वती आपला तांब्या उचलत नाय. ती तुजा पोता उचलनार?"

गोजरा भाकरी थापत राहिली. हिरामण तोंड पुसत तिच्या समोर येऊन बसला.

"किती दिस झालं, गोजरे?"

"काय किती दिस?"

"पाय बरा होऊन."

तव्यावरची भाकरी फुगली. गोजराने ती उलटली, काढली, त्याच्या ताटात ठेवली. मग म्हणाली, "धा-बारा."

"आनि पोरगा येतंय तकडून. त्याला हप्त्यात येकच दिस मिलतंय."

"मना तं तोच दिस मिलतंय," गोजरा म्हणाली. "बाकीचे सा दिस त्याचेच हायेत ना? मी कदी मांगले?"

हिरामणने भाकरी मोडली. बायको चुकतेय हे त्याला कळत होतं. पण रविवारी दहा वाजले की आपणही ड्युटीवरून घरी फोन लावतो, 'आला का' म्हणून, हेही त्याला ठाऊक होतं. तो जेवायला लागला. त्या रात्रीपासून गोजराला त्याच्यासमोर लंगडावं लागेना, एवढी एक सोय झाली.

हे असंच चाललं असतं. पण मध्ये उघाडीची पाळी आली.

जासईच्या खाडीकडच्या अंगाला जुना बांध आहे. आता त्याच्या तिन्ही बाजूंना भराव पडलाय आणि त्यावर कंटेनरचे डबे रचलेत, पण एक पट्टा अजून शाबूत आहे. बांधाला एके ठिकाणी दार आहे, फळ्यांचं. तीच उघाडी. उधाणाच्या भरतीला पाणी तिच्यातून आत खाजणात, बांधामागच्या खाऱ्या सखल जमिनीत, भरतं आणि ओहोटी लागली की त्याच दारातून बाहेर पडतं. दाराच्या तोंडाशी जाळ्याची लांब पिशवी लावायची. पाण्याबरोबर येईल ते म्हावरं त्या घराचं. घरं सात, पाळ्या ठरलेल्या. एका उधाणाला एक घर. आणि नियम आजे-पणजांपासून एकच, की घरच्या माणसाचा पाय चिखलात पडला पाहिजे. गडी लावून चालत नाही, पावण्याला उतरवून चालत नाही. घरचं कुणी उतरलं नाही तर पाळी पुढच्या घराला, आणि तुमचं घर रांगेच्या शेवटी. हिरामणची कंबर गेल्यापासून दहा वर्षं त्यांच्या घराचा पाय म्हणजे गोजराचा पाय.

पाडव्याच्या आधीच्या आवसेचं उधाण गोजराच्या घराचं होतं. दिवस रविवार.

गुरुवारी सरस्वती आली. चुलत जाऊ, भिंतीला भिंत. तिच्या घराची पाळी गोजराच्या मागची.

"पाय कसा हाय ग?" तिने उंबऱ्यातूनच विचारलं.

"हाय तसाच."

"मंग या टायमाला तुला नाय उतराला जमाचा. बोल तसा. आमचा विश्वजित जाल लावंल. म्हावरा मी तुला धाडीन वाटीभर."

वाटीभर! आपल्या पाळीचं म्हावरं वाटीने घ्यायचं! गोजराच्या कपाळाची शीर उडाली. वाटलं, आत्ता पट्टा सोडून हिच्या अंगावर फेकावा आणि ताडताड चालत बांधावर जाऊन दाखवावं. पण मग रविवारी कुंदनला काय सांगायचं? गावात एकाला कळलं की संध्याकाळपर्यंत ऐरोलीला कळतं.

"घरचा पाय उतरंल," ती म्हणाली.

"कोनाचा? भाऊजींचा?"

"कुंदनचा."

सरस्वती हसली. तोंडावर पदर धरून हसली, पण हसली. "त्या पोराचा पाय चिखलाला लागून पंदरा वरसं झाली असतीन. बरा, बरा. बगू."

ती गेल्यावर गोजराने फोन लावला. कुंदन ऑफिसात होता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, ह्या रविवारी ना... बरं, थांब. संध्याकाळी सांगतो." संध्याकाळी त्याने घरून फोन केला. "येतो," म्हणाला. पण त्याच्या मागून सुनेचा, स्नेहलचा, आवाज आला, "हाही रविवार? कुंदन, तू आईला प्रॉमिस केलं होतंस, माझ्या आईला!" मग फोनवर हात आला असावा, कारण सगळं बंद झालं.

गोजराने ऐकलं होतं. नाही कसं? आपण दुसऱ्या एका बाईच्या ताटातलं उचलतोय हे तिला चांगलं कळलं. 'नको येऊ' एवढं म्हणायचा अवकाश होता. जिभेच्या टोकाशी आलंही. पण बोलली ती हेच, "जुनी पँट आन रं, बाला. चिखल लागंल."

रविवारी बारा वाजता दोघं बांधावर होती. हिरामणला सुट्टी मिळाली नव्हती. कुंदनने एका हाताने आईला धरलं होतं, दुसऱ्या हातात प्लास्टिकची खुर्ची. जाळं खांद्यावर. ऊन डोक्यात शिरत होतं आणि पलीकडच्या रस्त्यावरून एकामागे एक ट्रेलर जात होते, तरी बांधाच्या आतल्या अंगाला भरलेलं पाणी गप्प उभं होतं. भरती पुरी झाली होती. सरस्वती डोक्यावर टॉवेल घेऊन आधीच येऊन बसलेली. बघायला.

गोजरा खुर्चीत बसली, पट्ट्याचा पाय पुढे करून. "पानी फिरला का लगी उतराचा. येक खुटा ह्या अंगाला, येक त्या अंगाला. पिशवीचा तोंड आधी बांदाचा. मंग शेपूट सोडाची."

"माहीत हाय ग आई."

"आनि पाय सरल वर नको ओढू. टाच फिरवाची, मंग चिखल सोडतंय."

"हो ग."

पाणी फिरलं. सगळ्यांच्या आधी ते गोजराला कळलं. दाराशी तरंगणारी काडी थबकली आणि हळूच बाहेरच्या बाजूला निघाली. "उतर!" ती ओरडली.

कुंदन उतरला. मांडीपर्यंत गेला. पहिलं पाऊल, दुसरं पाऊल, ठीक. डावीकडचा खुंटा त्याने ठोकला, जाळ्याचं तोंड बांधलं. लहानपणीचं काहीतरी हातांत शिल्लक होतं. गोजरा खुर्चीच्या टोकावर आली. तिच्या छातीत आनंद मावेना. तिचा लेक तिच्या जागी उभा होता, तिच्याच चिखलात. असं व्हावं म्हणून तिने कधी नवससुद्धा बोलला नव्हता, कारण देवाकडे इतकं कुणी मागत नाही.

दुसऱ्या खुंट्याकडे जाताना तो अडकला. पाण्याला आता ओढ लागली होती. त्याने पाय सरळ वर ओढला, जसा ओढू नको म्हणून सांगितलं होतं तसाच, आणि दुसरा पाय आणखी खाली गेला. सुटं तोंड हातात, पिशवीत पाणी भरलेलं, जाळं त्याला पुढे खेचतंय, पाय मागे धरलेले. तो कमरेतून पुढे वाकला.

"जाल सोड!" सरस्वती ओरडली.

त्याने सोडलं नाही. पाणी छातीला लागलं, हनुवटीला लागलं.

पुढचं गोजराला आठवत नाही. खुर्ची उलटली होती, तेवढं नंतर दिसलं. बांधाचा उतार ती धावत उतरली, दोन्ही पायांवर. चिखलात शिरली ती टाच फिरवत, पाऊल सोडवत, घरात चालावं इतक्या सहज. कुंदनच्या काखेत हात घातला, त्याला मागे झुकवलं. "टाच फिरव! फिरव रं!" एक पाय सुटला, मग दुसरा. जाळ्याचं सुटं टोक तिने त्याच्या हातातून घेतलं, खुंट्यापाशी गेली, चार ठोक्यांत खुंटा बसवला आणि गाठ मारली. पट्टा कधीच सुटून पाण्याबरोबर गेला होता.

वरून सरस्वतीचा आवाज आला, "अगो बाय! गोजरे, पाय बरा झाला कं ग तुजा!"

कुंदनने आईकडे पाहिलं. तोंडावर चिखल, केसांतून पाणी गळतंय. मग वाकून त्याने जाळ्याची शेपूट धरली. काम अर्धं होतं आणि पाण्याला थांबता येत नाही. पुढचे तीन तास दोघं शेजारी शेजारी उभी राहून जाळ्यातला गाळ, प्लास्टिकच्या पिशव्या, पानं काढत होती. शेपूट उचलायची, झटकायची, पुन्हा सोडायची. कोळंबी आली, बोईटं आली, चिंबोऱ्या आल्या, आणि अगदी शेवटी एक हातभर जिताडा आला. एरवी गोजराने आरोळी ठोकली असती. तिने तो मुकाट्याने पाटीत टाकला.

घरी येताना खुर्ची त्याने घेतली, पाटी तिने. आधाराला हात कुणी दिला नाही.

नळाखाली पाय धुताना कुंदन म्हणाला, "कधीपासून?"

"म्हयना होईल आता."

"म्हणजे चार रविवार." त्याने हिशोब केला आणि नळ बंद केला. "आई, तुला माहीत हाय मना झोप लागत नाय? तू माझ्या घरात पडलीस. माझ्या. आमी सगळी फरशी उखडून खरखरीत घातली. नमिता तिच्यावर पडली की ढोपरं सोलतात, तरी घातली. दर रविवारी तू लंगडत दाराशी येतेस आनि मना वाटतं, ही आता कधीच बरी नाय व्हनार, आनि ते माज्यामुले. स्नेहलशी भांडून येतो मी. आनि तू..."

गोजरा ओल्या लुगड्यात तशीच उभी राहिली. ती रविवार चोरत होती, एवढंच तिला वाटत होतं. लेकाची झोपही त्यात चालली होती हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मना तू पायजे व्हतास," ती म्हणाली.

कुंदनने कपडे बदलले. जिताडा तिने पानात गुंडाळून पिशवीत घातला. पिशवी मागच्या सीटवर ठेवली तेव्हा त्याने ती काढून टाकली नाही, एवढंच. ओटीवर आडवाही झाला नाही तो. गाडी गेली.

हिरामण आला, पाटी पाहिली, बायकोचं तोंड पाहिलं, आणि विचारायचं ते समजून गेला. "जेव," म्हणाला. ती जेवली नाही.

सोमवार गेला, मंगळवार गेला. आठवडाभर गोजराने घर धुतलं, सारवण्यासारखं काही नव्हतं तरी परसातला ओटा सारवला. पायात जोर होता आणि जायला ठिकाण नव्हतं. फोनकडे पाहायची आणि तोंड फिरवायची. रविवारी सवयीने पहाटे उठली, चार भाकऱ्या जास्त थापल्या. दहा वाजले, अकरा वाजले. बाहेर प्रत्येक गाडीला मान वळायची. मानेला काय सांगणार?

साडेबाराला फोन वाजला.

"आई."

"बोल रं."

"पाय कसा हाय?" त्याने विचारलं. तीन महिन्यांची सवय, तोंडातून गेलं.

"बरा हाय," गोजरा म्हणाली.

एवढे दिवस दोघं पायावर बोलत आली होती, पाय बरा झाला आणि बोलणं संपलं. तिकडून माणसांचे आवाज येत होते, ताटं मांडल्याचे.

"कया हायस?"

"स्नेहलच्या आईकडे आलोय. जेवायला."

"बरा केलास. कधीचा कबूल केला व्हतास." गोजराने फोन दुसऱ्या कानाला लावला. "बाला, मी आधीच बोलाला पायजे व्हता. पाय दुखत नाय, आठवन येतं, ये, असा. तू आला असतास?"

तिकडे ताटांचे आवाज लांब गेले. मग कुंदन हळू आवाजात म्हणाला, "नसतो आलो, आई."

गोजराच्या डोळ्यांत पाणी आलं. पण पोराने खोटं सांगितलं नाही याचं तिला कुठेतरी बरंही वाटलं. खोटं काय, तीही सांगू शकत होती, आणि चांगलं जमतही होतं तिला. तिने पदराने नाक पुसलं.

"आयक. तुजा रविवार तुला ऱ्हाऊ दे. बायकोला घेऊन फिर, झोप काढ. मी बुधवारी येतंय."

"कुठं?"

"कुठं काय, तुज्या घरी. तू हाफिसातून येशील तवर मी रांदून ठेवीन. नमिताला भरवीन. तू येक भाकर माज्या हातची खा, का मी निंगाली. पुढल्या बुधवारी परत."

"एवढ्या लांब? आई, दोन बशी बदलायला लागतात. शिवाय स्टॉपपर्यंत चालत... तू येशील कशी?"

"कशी म्हंजे?" गोजरा म्हणाली, आणि आठवड्यात पहिल्यांदा तिच्या आवाजात तिचा स्वतःचा चढ आला. "चालत येन. पायाला काय धाड भरलीय माज्या?"